लोरिंत्सच्या आठ खेळ्या

व्हिएन्ना, १२ ऑक्टोबर १९२५

सेंद्रेई केलेमेन मास्तर यांस,

बुद्धिबळाच्या मासिकात तुमची जाहिरात वाचली. वाचली म्हणजे काय, मीच उभी केली. त्या मासिकाचं शेवटचं पान, ‘पत्राने डाव खेळायला गडी हवा’ हे, आमच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवून तयार करतो. महिन्याला चाळीस-पन्नास नावं बोटांखालून जातात, वाचत कोण बसतो? तुमचं मात्र वाचलं. ‘निवृत्त गणित शिक्षक, वाट्स, डॅन्यूबकाठ. घाई असलेल्यांनी लिहू नये.’

मला घाई नाही. वय छत्तीस, लग्न नाही, एक खोली, खिडकीपाशी एक पट. संध्याकाळी कॅफेत जातो, एका कॉफीवर तीन तास काढतो आणि वेटरच्या शिव्या खातो. खेळ बेताचा आहे. पत्रात मात्र मी बऱ्यापैकी माणूस आहे असं लोक म्हणतात.

हरकत नसेल तर पांढरी मोहरी मी घेतो. पहिली खेळी: राजाकडचा घोडा बाहेर.

आपला,
ओटोकार प्रोहास्का

*

वाट्स, १७ ऑक्टोबर १९२५

प्रोहास्का,

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे. खेळीबद्दल काय बोलणार? घोडा बाहेर काढलात, म्हणजे अजून काहीच सांगितलं नाहीत. पाहुणा दारात आला, टोपी काढत नाही, बसतही नाही, अशातली गत. मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. मध्ये. पटाचा मधला भाग ज्याचा, डाव त्याचा, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि अजून कोणी मला खोटं पाडलेलं नाही.

माझे नियम ऐका. एका खेळीला तीन दिवस. लिहून पाठवलेली खेळी मागे घ्यायची नाही, मग ती कितीही गाढवपणाची असो. आणि टपाल वाचवायला पुढच्या खेळ्या आगाऊ लिहायच्या असतील तर विचार करून लिहा. आमच्या गावच्या औषधवाल्याने एकदा लिहिलं होतं, ‘तुम्ही काहीही खेळा, मी राजा किल्ल्यात नेणार.’ समोरच्याने त्याचा वजीरच खाल्ला. आता लिहिलंय म्हटल्यावर काय करतो बिचारा? वजीर गमावून राजा किल्ल्यात नेला. ‘काहीही’ हा शब्द शहाण्या खेळाडूने लिहू नये.

घरात मी आणि माझी सून. ती स्वयंपाक करते, मी तक्रारी करतो. दोघांचंही काम जोरात चालू आहे.

सेंद्रेई

*

व्हिएन्ना, २ नोव्हेंबर १९२५

मास्तर,

मधली कार्डं मिळाली. मी घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवलं त्यावर तुम्ही ‘एवढंच?’ असं लिहिलंत. होय, एवढंच. आता तुम्ही रागावणार, पण मी तो शब्द लिहितोच.

तुम्ही काहीही खेळा: तिसऱ्या खेळीला माझा उंट त्या प्याद्यामागच्या फटीत बसेल. तुम्ही काहीही खेळा: चौथ्या खेळीला माझा राजा किल्ल्यात जाईल.

अहो, हसू नका. इथे कॅफेत या खेळावरून रोज भांडणं होतात. म्हातारे म्हणतात, पटाचा मधला भाग समोरच्याला फुकट द्यायचा म्हणजे काय, सासऱ्याला हुंडा देताय का? पोरं म्हणतात, देऊ दे की. प्यादी मध्ये येऊन उभी राहिली की हलायची कुठे? त्यांना राखत बसावं लागतं. आपला उंट लांब कोपऱ्याजवळ बसून तिरक्या वाटेने सगळा पट बघतो. क्रमसुद्धा कसाही चालतो. आधी उंट, मग राजा. आधी राजा, मग दुसरा उंट. शेवटी घर तेच होतं. आपण मध्ये जायचं, पण शेवटी, आणि समोरचा पुरता अडकला की.

मला हे कॅफेतल्या पोरांनीच शिकवलं.

आपला,
ओटोकार

*

वाट्स, ९ नोव्हेंबर १९२५

प्रोहास्का,

तुमच्या उंटाला आणि राजाला माझी उत्तरं: वजिराकडचा घोडा बाहेर, आणि राजापुढचं प्यादं दोन घरं. आता आधीची दोन धरून माझी तीन प्यादी पटाच्या मधोमध हारीने उभी आहेत. असं चित्र मला जन्मात कोणी उभं करू दिलेलं नाही. खूश व्हायला हवं होतं मी. झालो नाही.

तुमचं कार्ड घेऊन मी दोन दिवस बसलो होतो. ‘तुम्ही काहीही खेळा.’ हे वाक्य मी आधी ऐकलंय, याच घरात, याच टेबलावर. माझा मुलगा लोरिंत्स सतरा वर्षांचा असल्यापासून असाच खेळायचा. एक उंट या कोपऱ्यात, दुसरा त्या. मी विचारायचो, ‘अरे, माझी खेळी बघ तरी!’ तर म्हणायचा, ‘बाबा, तुम्ही काहीही खेळा, माझं घर बांधून होईपर्यंत मी बघत नाही.’ तेव्हा हा खेळ कोणी खेळत नव्हतं. बुडापेस्टच्या क्लबात त्याला हसले होते.

चौदा सालच्या ऑगस्टमध्ये जेवताना आमचा यावरूनच वाद झाला. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लष्करात नाव घालून आला. शिक्षक म्हणून त्याला सूट होती. पंधरा साली गॅलिशियाच्या आघाडीवर रशियनांच्या हाती सापडला. सायबेरियातून दोन पत्रं आली, मग काही नाही. दहा वर्षं झाली.

तुम्हाला हा खेळ शिकवणारी पोरं कोण? त्यांच्यात कोणी किडमिडीत, डाव्या भुवईवर व्रण असलेला आहे का? नीट आठवून लिहा.

सेंद्रेई

*

व्हिएन्ना, २० नोव्हेंबर १९२५

मास्तर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाही हो, कॅफेत असा कोणी नाही. हल्ली सगळेच असं खेळतात, फॅशन आहे म्हणा ना. दोन माणसांच्या डोक्यात एकच कल्पना येऊ शकते. लोरिंत्सबद्दल वाईट वाटलं.

पाचवी खेळी: वजिरापुढचं प्यादं एक घर. तुम्ही काहीही खेळा, सहावी: दुसऱ्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर. सातवी तुम्ही ओळखलीच असेल.

ओटोकार

*

वाट्स, १ डिसेंबर १९२५

प्रोहास्का साहेब,

आपली ओळख नाही. मी सेंद्रेई मास्तरांची सून, हर्मिना. हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहितेय, पोस्टातच उभी राहून.

तुमचं कार्ड आलं की बाबा आधी त्याचा वास घेतात. मग पटावर तुमची खेळी मांडतात आणि म्हणतात, ‘बघ, त्याचाच हात.’ अक्षर वेगळं आहे म्हटलं तर म्हणतात, उजवा हात गेला असेल, डाव्याने लिहीत असेल. नाव वेगळं आहे म्हटलं तर म्हणतात, माझ्यावर रागावलाय, म्हणून नाव लपवतोय. तुमचा दुसरा उंट कोपऱ्यात बसला त्या दिवशी त्यांनी खसखशीच्या शेवयांचं एक ताट जास्त वाढायला लावलं. लोरिंत्सला फार आवडायच्या. ताट निवेपर्यंत आम्ही दोघं समोर बसून राहिलो. आता तर त्या पटासमोरून जाताना मीसुद्धा पाऊल न वाजवता जाते, जसं काही कोणी विचार करत बसलंय.

माझं ऐका. माझं लग्न होऊन सात महिने झाले आणि तो गेला. अकरा वर्षं मी बायको नाही आणि विधवाही नाही. गावात गुरांचे डॉक्टर आहेत, केरेकेश. चांगला माणूस आहे, तीन वर्षं थांबलाय. कोर्टाने लोरिंत्सला मृत जाहीर केल्याशिवाय मला लग्न करता येत नाही. एकवीस जानेवारीला तारीख आहे. बाबा उन्हाळ्यात तयार झाले होते. आता त्यांनी कोर्टाला कळवलंय की मुलगा जिवंत आहे, व्हिएन्नात आहे आणि आपल्याशी डाव खेळतोय! कारकून मला बघून हसला. मला रडायलाही लाज वाटली.

एकच सांगा. तुम्ही लोरिंत्स आहात का? असाल तर मी एका शब्दाने बोलणार नाही, फक्त हो म्हणा. नसाल तर देवासाठी हा खेळ बंद करा.

हर्मिना

*

व्हिएन्ना, ८ डिसेंबर १९२५

मास्तर, आणि हर्मिनाबाई, तुम्ही दोघांनी वाचावं म्हणून,

मी लोरिंत्स नाही. पण खेळ्या त्याच्याच आहेत. मी खोटं बोललो. मासिकात तुमचं नाव जुळवताना खिळे माझ्या हातून जमिनीवर सांडले. पाच वर्षं तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत होतो, धीर झाला नव्हता. म्हटलं, डाव खेळू, ओळख होईल, मग सांगू. आणि डाव सुरू झाल्यावर माझ्या हातातून त्याच्याच खेळ्या निघाल्या. दुसऱ्या मला येतच नाहीत.

सायबेरियात येनिसेई नदीकाठच्या कैद्यांच्या छावणीत आम्ही एका फळीवर झोपायचो. मला सोंगटीसुद्धा ओळखता येत नव्हती. त्याने भाकरीची मोहरी केली, मी भुकेपोटी त्यातला हत्ती खाल्ला, तिथून आमची दोस्ती. तुमच्याबद्दल तो रोज बोलायचा. ‘आमचे बाबा मधोमध उभे राहतात,’ असं म्हणायचा आणि हसायचा.

सोळा सालच्या फेब्रुवारीत टायफस आला. ज्याला ताप, त्याची रवानगी शेवटच्या बराकीत. तिचं दार बंद. आत एक चेक सेवक होता, कुबेश नावाचा. बाहेरच्या कोणाला रोग्याची सेवा करायची असेल तर आत जाता येई, पण बाहेर येता येत नसे. अकरा तारखेला लोरिंत्सला आत नेलं. मी लगेच दाराशी गेलो. म्हटलं, मी येतो. कुबेशने दाराच्या फटीतून एक चिठ्ठी दिली, जंतू मरावेत म्हणून धुरी दिलेली. त्यावर लोरिंत्सच्या अक्षरात होतं: ‘आत येऊ नकोस. डाव खेळू. रोज एक चिठ्ठी. तू काहीही खेळ. पहिली खेळी, घोडा.’

मला हायसं वाटलं, मास्तर. डाव खेळतोय म्हणजे बरा आहे. मी माझी खेळी ओरडून सांगायचो, कुबेश ‘सांगतो’ म्हणायचा, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी यायची. प्यादं. उंट. राजा किल्ल्यात. मी बाहेर बर्फावर रेघा ओढून पट केला होता. मी विनोद करायचो, उत्तर नाही, नुसती खेळी. आठ दिवस, आठ चिठ्ठ्या.

नवव्या दिवशी गेलो तर कुबेशने मान हलवली. म्हणाला, ‘बाबा रे, चिठ्ठ्या संपल्या. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्या लिहून माझ्याकडे दिल्या होत्या. रोज एक दे म्हणाला, शपथ घातली.’ मी विचारलं, तो कुठे आहे? म्हणाला, ‘त्याची फळी कधीचीच रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी असेल, चौथ्या असेल, इतके जाताहेत, मी कुणाकुणाचं लक्षात ठेवू?’

म्हणजे मी मेलेल्या माणसाशी खेळत होतो. आणि हसत होतो. कुबेशही एप्रिलमध्ये गेला. मी लोरिंत्सला मेलेला पाहिला नाही, कोर्टाला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

आठवी खेळी पाठवतो, कारण ती त्याने लिहिली होती: दुसरा घोडा वजिरासमोर.

ओटोकार

*

वाट्स, १६ डिसेंबर १९२५

प्रोहास्का,

तुम्ही प्रेत पाहिलं नाही. मोजता न येणाऱ्या एका सेवकाने सांगितलं, तिसऱ्या दिवशी की चौथ्या. गणितात याला पुरावा म्हणत नाहीत. शेकडो माणसांत त्याने दुसऱ्याच कोणाची फळी रिकामी पाहिली असेल. माणूस आठ चिठ्ठ्या आगाऊ लिहितो आणि मग बरा होतो, असं होत नाही का? एका दारातून नेलेला माणूस दुसऱ्या दारातून बाहेर पडत नाही का?

आणि तुम्ही कशावरून खरं बोलताय? आधी पोरं म्हणालात, मग फॅशन म्हणालात, आता टायफस म्हणताय.

माझी आठवी खेळी मी केली आहे. तुम्ही म्हणता चिठ्ठ्या आठच होत्या. ठीक आहे. मग नववी पाठवू नका, त्याच्याकडून घेऊन पाठवा. हर्मिना माझ्यावर रागावली आहे. रागावू दे.

सेंद्रेई

*

व्हिएन्ना, २८ डिसेंबर १९२५

मास्तर,

नववी खेळी नाही माझ्याकडे. शोधून शोधून थकलो. कॅफेत कोणाशीही बसलो की पहिल्या आठ भराभर होतात, हात आपोआप चालतो. नवव्या खेळीला हात थांबतो. मला फटीपलीकडे कुबेशचा श्वास ऐकू येतो. समोरचा माणूस म्हणतो, ‘प्रोहास्का, खेळा की!’ मी म्हणतो, डाव सोडला. इथे आल्यापासून मी एकही डाव पुरा खेळलेलो नाही. कॅफेत मला ‘आठ खेळ्यांचा राजा’ म्हणतात. मीही हसतो.

तुम्ही मला खोटारडा म्हणालात तर माझी तक्रार नाही. पण मग राहिलेलंही ऐका, म्हणजे माझं सगळं खोटं संपेल.

पाचव्या दिवशी मी चिडलो होतो. रोज माझी मोहरी मध्ये येताहेत, मी जिंकायला आलोय, आणि हा माझ्या खेळीकडे बघतही नाही. मला वाटलं, हा मला खिजगणतीत धरत नाही. मी दाराशी तोंड नेऊन ओरडलो, ‘भेकडा, कोपऱ्यात लपून काय बसलास? ये मध्ये!’ कुबेशने नेहमीसारखं ‘सांगतो’ म्हटलं. तेव्हा आतली फळी रिकामी होती. किंवा रिकामी नव्हती, आणि त्याने ऐकलं. मला दोन्ही झेपत नाही.

आठही चिठ्ठ्या मी बुटाच्या अस्तरात घालून आणल्या होत्या. सोबत पाठवतोय. त्या तुमच्या आहेत. तुम्हाला तुमच्या मुलाचं अक्षर ओळखता येईल, मग मी खरा की खोटा ते तुम्हीच ठरवा. एकवीस तारखेला कोर्टात माझी साक्ष हवी असेल तर मी येतो. छापखान्यातून रजा मिळेल.

ओटोकार

*

वाट्स, २२ जानेवारी १९२६

बाळ ओटोकार,

तुला आता ‘तुम्ही’ म्हणवत नाही.

चिठ्ठ्या पोचल्या. तीन आठवडे त्या माझ्या टेबलावर आहेत आणि मी तीन आठवडे तुला उत्तर दिलं नाही, या शिक्षकालाच उत्तर सापडत नव्हतं म्हणून.

अक्षर लोरिंत्सचंच. ते पहिल्या मिनिटाला कळलं. मग मी त्या ओळीने मांडल्या. तीस वर्षं वह्या तपासल्यात रे मी. पोराने आठवड्याचा गृहपाठ एका बैठकीत उरकला असेल तर मला लांबून कळतं. पहिल्या चिठ्ठीत पेन्सिलीला टोक आहे. दुसरीत जरा बोथट. चौथीत जाड. मध्ये कुठेही टोक काढलेलं नाही. आणि ओळ खाली खाली जाते. सातवीत ‘उंट’ लिहिताना पेन्सिल कागदातून आरपार गेलीय. आठवी वाचायला मला भिंग लागलं. हे रोज एक लिहिणाऱ्या, बऱ्या होत जाणाऱ्या माणसाचं लिहिणं नाही. हे एका तासात लिहिलंय, तोही शेवटचा धड तास असावा. माझा मुलगा तिथेच गेला. कुबेश खरं बोलला, तू खरं बोललास.

हे कळल्यावर मी दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही. हर्मिनाने सूप आणलं आणि कपाळावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी उठलो आणि पटासमोर बसलो. एक गोष्ट डोक्यात बसत नव्हती. जिंकायचं असलेला माणूस ‘तू काहीही खेळ’ म्हणून आठ खेळ्या कधी देत नाही. माझा मुलगा मूर्ख नव्हता. तू चौथ्या दिवशी काही आचरट खेळला असतास तर त्याचा डाव कोसळला असता, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग तो कशासाठी खेळत होता?

मी मोहरी पुन्हा मांडली आणि माझ्या पद्धतीने खेळून बघितलं. मध्ये प्यादं टाकलं. समोरचा काय करतो ते बघितल्याशिवाय मला दुसरी खेळी लिहिता येईना. जास्तीत जास्त तिसरी. माझ्या खेळात क्षणोक्षणी समोरच्याकडे बघावं लागतं. त्याच्या खेळात आठ खेळ्यांपर्यंत बघायची गरज नाही. बोर्डावरचा दुसरा कुठलाच डाव इतका लांब, न बघता, चालत नाही. नववीला मात्र डोळे उघडे लागतात, म्हणून त्याने आठच लिहिल्या.

ओटोकार, तो तुझ्याशी जिंकायला बसलाच नव्हता. पहिल्या चिठ्ठीत पहिलं वाक्य काय आहे? ‘आत येऊ नकोस.’ चिठ्ठ्या थांबल्या असत्या तर तू दुसऱ्या दिवशी दार लोटून आत गेला असतास. गेला असतास की नाही? मग तूही त्या फळीवर. त्याने तुला आठ दिवस बाहेर, बर्फावर, पटासमोर बसवून ठेवलं. जाता जाता. तू ओरडलास ते त्याने ऐकलं असेल तर सांगतो, तो हसला असेल. कारण तू चिडला होतास, म्हणजे तू बाहेरच होतास.

आता माझं ऐक. चौदा सालचं ते बोलणं. मी त्याला म्हणालो होतो, ‘पटावर कोपऱ्यात लपतोस, उद्या आयुष्यातही लपशील. भेकड आहेस तू.’ तुझ्या तोंडी आला तोच शब्द. त्याने ताट पुढे सरकवलं आणि तो उठला. अकरा वर्षं मी त्याला मेला म्हणू शकलो नाही, कारण मेला म्हटलं की मारणारा मी. तो परत आला असता तर मला माफी मागता आली असती. म्हणून तो मला जिवंत हवा होता रे, त्याच्यासाठी नव्हे. हर्मिनाला मी हे सगळं सांगितलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘बाबा, मला ठाऊक होतं. मी त्याच टेबलावर बसले होते.’

आपला डाव अर्धा आहे. लोरिंत्सच्या खेळ्या संपल्या. नववी तुझी स्वतःची खेळ. कशीही चालेल. वाईट असली तर मी मास्तर आहे, समजावून सांगेन.

काल कोर्टात गेलो. तुझी साक्ष लागली नाही, चिठ्ठ्या आणि तुझं पत्र पुरलं. मी विरोध मागे घेतला. केरेकेश डॉक्टर बाहेर व्हरांड्यात टोपी हातात फिरवत उभा होता, हर्मिना माझ्या शेजारी. कारकुनाने मृत्यूची तारीख विचारली. म्हणाला, सेवकाच्या म्हणण्याप्रमाणे तेरा किंवा चौदा फेब्रुवारी दिसते, तेरा घालू? मी म्हणालो, नाही. अठरा घाला. तो म्हणाला, अठराला काय आधार आहे, मास्तर?

मी म्हणालो, अठरा तारखेपर्यंत तो खेळत होता.

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि अठरा लिहिलं.

तुझा,
सेंद्रेई केलेमेन